पडद्यामागचे वारकरी

जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवडीमार्गे इंदापूरकडे निघते, तेव्हा आपले लक्ष टाळमृदंगाकडे आणि रिंगणातील अश्वाकडे असते. दिंडीचे सामान वाहणारा ट्रक मात्र आधीच पुढच्या मुक्कामी पोहोचलेला असतो. राहुट्या उभारल्या जातात, पाणी भरले जाते, चुली पेटतात. गाव रोज बदलते, व्यवस्था ढळत नाही. नाट्य-संगीताच्या दौऱ्याचे व्यवस्थापन याहून वेगळे ते काय?

१९८५ साली रंगभूमीवर आलेले शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हत्ती-घोड्यांसह आणि भल्यामोठ्या कलावंतसंचासह गावोगावी गेले. एवढा संसार हलवणारे हात प्रेक्षकांना दिसले नाहीत, म्हणून त्यांचे मोल कमी ठरत नाही.

ध्वनिसंयोजकाचेही तसेच आहे. बारामती-इंदापूर परिसरात कर्णे आणि ‘डीजे’चे संच बाळगणारे तरुण पुष्कळ, पण मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हा समज घातक आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. मंचापासून ३४ मीटरवर ठेवलेल्या कर्ण्याचा आवाज एक दशांश सेकंद उशिरा सोडला नाही, तर मागच्या श्रोत्याला प्रत्येक शब्द दुहेरी ऐकू येतो. पखवाजाखाली कीर्तनकाराचा शब्द दबू न देणे, माईकची शिट्टी रोखणे, यासाठी विज्ञान हवे आणि तयार कानही हवा. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणारा हा कानच गमावून बसतो. २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे रीतसर शिक्षण मिळते. तेथे सर्वांनाच प्रवेश मिळणार नाही. परंतु गावचा हरिनाम सप्ताह आणि नाट्यस्पर्धा या पहिल्या शाळा दाराशीच आहेत. उत्पन्न हंगामी असते, जागरणे ठरलेली असतात, हे पालकांनी लपवू नये. पदवी पूर्ण करावी, वीजजोडणी आणि हिशेब शिकावा, मग मुलाला खुशाल या वाटेने जाऊ द्यावे.

आयोजकांचेही एक कर्तव्य आहे. आभारप्रदर्शनात ‘माईकवाले’ एवढ्यावर भागवू नये. त्याचे नाव घ्यावे आणि मंडप उतरण्यापूर्वी त्याचे पैसे चुकते करावेत. ज्याच्यामुळे आपला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला, त्याचे नाव तरी त्या रांगेला कळू द्या.