प्रवेश परीक्षेचा बदलता आराखडा आणि कुंभकोणमचा विद्यार्थी

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे बारावी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पदवी शिक्षणाची दोन प्रवेशद्वारे आहेत. गावातच १८५४ साली स्थापन झालेले शासकीय कला महाविद्यालय आहे. तेथे बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यात २००९ साली तामिळनाडू केंद्रीय विद्यापीठ सुरू झाले. तेथील प्रवेशासाठी मात्र विद्यापीठ सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजेच ‘सीयूईटी’, द्यावी लागते. या परीक्षेच्या स्वरूपात अल्पावधीत झालेल्या बदलांचा अर्थ अशा छोट्या शहरातून पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो.

केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी ही परीक्षा २०२२ साली लागू करण्यात आली. त्यामागील कारण दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. निरनिराळ्या मंडळांचे गुण एकाच मापाने मोजता येत नाहीत आणि २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील काही अभ्यासक्रमांची प्रवेशमर्यादा १०० टक्क्यांवर पोहोचली होती. त्यामुळे सर्वांसाठी एकच परीक्षा हा उपाय पुढे आला. तमिळ आणि मराठीसह १३ भाषांमध्ये ती देण्याची सोयही करण्यात आली.

दोन वर्षांत दोन बदल

परीक्षेचा आराखडा मात्र स्थिर राहिला नाही. सुरुवातीला ती संपूर्णपणे संगणकावर घेण्यात आली. २०२४ साली काही विषयांसाठी कागद-पेन पद्धत अवलंबिण्यात आली आणि २०२५ साली पुन्हा केवळ संगणक पद्धत स्वीकारण्यात आली. विषयांची संख्या ६३ वरून ३७ करण्यात आली. एका विद्यार्थ्याला निवडता येणाऱ्या विषयांची मर्यादा सहावरून पाचवर आली. बहुतांश विषयांसाठी ४५ मिनिटांचा वेळ होता. आता सर्व विषयांना ६० मिनिटे देण्यात येतात. सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे प्रश्न निवडण्याची मुभा काढून घेण्यात आली. पूर्वी विषयाच्या ५० प्रश्नांपैकी ४० सोडवायचे असत. २०२५ पासून पन्नासही प्रश्न अनिवार्य आहेत.

हा बदल वरवर तांत्रिक वाटतो, परंतु त्याचे गणित पाहण्याजोगे आहे. बरोबर उत्तरास ५ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. एखाद्या विद्यार्थ्याला ५० पैकी १० प्रश्न अपरिचित असतील, तर पूर्वी ते वगळूनही २०० पैकी २०० गुण मिळवणे शक्य होते. आता त्याच तयारीवर २५० पैकी २०० गुण, म्हणजे ८० टक्के, एवढीच मजल मारता येते.

हे १० प्रश्न कोणाला अपरिचित असतील, हा खरा मुद्दा आहे. परीक्षेचा पाया एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके हा आहे. केंद्रीय मंडळाचा विद्यार्थी तीच पुस्तके वर्गात शिकतो. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला त्यांतील वेगळा भाग स्वतः किंवा शिकवणीवर्गाच्या आधारे पुरा करावा लागतो. निवडीची मुभा ही त्याच्यासाठी काही प्रमाणात ढाल होती. अर्थात, सर्वांना तेच प्रश्न सोडवावे लागल्याने गुणांची तुलना अधिक न्याय्य होते, या युक्तिवादातही तथ्य आहे. पण ती न्याय्यता अभ्यासक्रमातील अंतर भरून काढत नाही.

विरोध आणि त्याच्या मर्यादा

हाच आक्षेप तामिळनाडू विधानसभेने ११ एप्रिल २०२२ रोजी नोंदविला. एनसीईआरटीवर आधारित परीक्षेमुळे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना समान संधी मिळणार नाही आणि शिकवणीवर्ग फोफावतील, असे सांगत तत्कालीन मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी मांडलेला ठराव सभागृहाने संमत केला. व्यावसायिक अभ्यासक्रमांची राज्यस्तरीय प्रवेश परीक्षा तामिळनाडूने २००७ सालीच रद्द केली होती.

परंतु केवळ बारावीच्या गुणांवर विसंबण्याचे दुष्परिणामही याच राज्याने अनुभवले आहेत. नामक्कल परिसरातील निवासी शाळा बारावीच्या विक्रमी गुणांसाठी प्रसिद्ध झाल्या. अकरावीचा अभ्यासक्रम बाजूला सारून दोन्ही वर्षे बारावीचीच घोकंपट्टी करण्याची प्रथा तेथूनच रूढ झाल्याची टीका झाली. ती मोडण्यासाठी राज्याने २०१७-१८ पासून अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा सुरू केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या राज्य शिक्षण धोरणात तीही रद्द करण्याची भूमिका घेण्यात आली. थोडक्यात, परीक्षा असो वा नसो, शाळा प्रवेशाच्या निकषाप्रमाणे स्वतःला वाकवून घेतात.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. राज्याची ‘एमएचटी-सीईटी’ राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असून तिच्यात अकरावीला २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार आहे. त्यामुळे वर्ग आणि परीक्षा यांतील अंतर तेथे कमी राहते. केंद्रीय विद्यापीठाकडे वळणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची अडचण मात्र कुंभकोणमच्या विद्यार्थ्यासारखीच आहे.

प्रश्न मुदतीचा

यातील सर्वांत सहज सुधारता येण्याजोगी बाब वेळेची आहे. २०२५ च्या परीक्षेतील बदल डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले आणि परीक्षा मे महिन्यात सुरू झाली. जून २०२३ मध्ये अकरावीत गेलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत आराखडा दोनदा बदलताना पाहिला आणि अखेरच्या बदलासाठी त्याला जेमतेम पाच महिने मिळाले. मोठ्या शहरातील शिकवणीवर्ग आठवडाभरात नवे सराव संच तयार करतात. तालुक्याच्या गावातील शासकीय शाळेला ते शक्य नसते.

कुंभकोणमच्या याच शासकीय महाविद्यालयात श्रीनिवास रामानुजन १९०४ साली शिष्यवृत्तीवर दाखल झाले होते. गणितात गढून गेल्याने ते इतर विषयांत अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. कोणतीही परीक्षा सर्व गुण मोजू शकत नाही, हे त्यावरून दिसते. पण परीक्षा काय आणि कसे मोजणार आहे, हे विद्यार्थी अकरावीत पाऊल टाकण्यापूर्वी त्याला सांगणे व्यवस्थेच्या हाती आहे. तेवढी हमी मिळाल्याखेरीज समान परीक्षा म्हणजे समान संधी, असे म्हणता येणार नाही.