किल्ली कोणाच्या खिशात?

संगणकावरच्या खेळांना अखेरची घरघर लागली आहे, अशी दवंडी गेली पंचवीस वर्षे पिटली जात आहे. 2000 साली सोनीचा प्लेस्टेशन 2 आला तेव्हा ती पिटली गेली. 2005-06 मध्ये नवे कन्सोल आले तेव्हा पुन्हा. रोगी अजून धडधाकट आहे. नाडी पाहणारे वैद्यबुवाच तेवढे बदलतात. या वैद्यबुवांशी मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. सणासुदीला भांडण नको हे खरे. परंतु याच दिवसांत बोनस हाती पडतो, मुले कन्सोलसाठी हट्ट धरतात, आणि वडीलधारी माणसे ‘स्वस्त आहे, कटकट नाही’ म्हणून खिशात हात घालतात.

ज्यांस भेद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कन्सोल ही टीव्हीला जोडावयाची, मुख्यतः खेळांसाठीच बांधलेली पेटी. संगणकावर जमाखर्चही लिहिता येतो, आणि घरचे निजले की खेळही खेळता येतो. पेटीवाल्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असे मी म्हणत नाही. 1983 च्या सुमारास अमेरिकेत ज्याने त्याने वाटेल तसले खेळ काढले आणि तो धंदाच कोसळला. निन्टेंडोने 1985 मध्ये तेथे आपली पेटी नेली ती कुलूप घालूनच. आत एक चिप बसवली. कंपनीच्या परवानगीवाचून केलेला खेळ पेटी चालूच करीना. गिऱ्हाइकाचा विश्वास परत आला. उलट 2021 मध्ये चिपांची टंचाई आणि आभासी चलनाचे खाणकाम यांपायी संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांचे भाव कसे भडकले होते, हे संगणकवाल्यांनी लपवू नये.

पण स्वस्ताईचे गणित शेवटपर्यंत सोडवा. मी मास्तर आहे. अर्धवट सोडवलेल्या गणिताला गुण देत नाही. 2006 साली सोनी आपला प्लेस्टेशन 3 खोट खाऊन विकत होती. ती काय धर्मादाय म्हणून? ती खोट पुढे प्रत्येक खेळामागे मिळणाऱ्या हक्कशुल्कातून भरून काढावयाची असते. 2013 च्या प्लेस्टेशन 4 पासून तर मित्रांशी इंटरनेटवरून खेळावयाचे झाल्यास बहुतेक खेळांना निराळी वर्गणी. संगणकाच्या वेशीवर अशी सरसकट जकात नाही.

आणि त्याच प्लेस्टेशन 3 ची गंमत ऐका. विकताना कंपनीने सांगितले होते की, हवी तर यात लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली घाला. एप्रिल 2010 मध्ये एक सुधारणा पाठवून तीच सोय काढून घेतली. जो सुधारणा घेणार नाही त्याला कंपनीच्या जाळ्यात मज्जाव! विकलेल्या घरात बांधणाऱ्याने चार वर्षांनी शिरावे आणि एक खोली चिणून टाकावी, त्यातलाच हा प्रकार.

माझा खरा राग मात्र पैशांवरून नाही. दिवाळीत आपली पोरे अंगणात माती कालवून किल्ला करतात. बुरूज ढासळतो, पुन्हा उभारतात. बाजारात तयार किल्लाही मिळतो. तो सुबक असतो, पण त्याला भुयार खणता येत नाही. 1998 च्या हाफ-लाइफ या खेळात भुयार खणूनच मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी 1999 मध्ये काउंटर-स्ट्राइक उभा केला, ज्यापायी आपल्याकडच्याही सायबर कॅफेंत पोरांनी शिकवण्या बुडवल्या. (त्याबद्दल त्या दोघांवर माझा वेगळा राग आहे.) डोटा हा वॉरक्राफ्ट 3 च्या खेळाडूंनी केलेला नकाशा. माइनक्राफ्ट 2009 मध्ये मार्कस पेर्सन या एका स्वीडिश माणसाने संगणकावर सुरू केला. 2014 मध्ये तो खेळ करणारी कंपनी घ्यावयास मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजले. परवानगीची चिठ्ठी आणा, मग खेळ करा, असे यांना कोणी म्हटले असते तर?

वस्तुतः 2013 पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्या पोटात संगणकाच्याच जातीचा प्रोसेसर आहे. म्हणजे झगडा यंत्रायंत्रांचा उरलेलाच नाही, कुलपाचा आहे. आणि इथे आमच्या संगणकवाल्यांनीही छाती फुगवू नये. त्यांचे बहुतेक खेळ 2003 मध्ये निघालेल्या स्टीम या एकाच दुकानातून येतात, आणि त्या दुकानात 2024 पासून पैसे भरण्याआधी पाटी दिसते की, तुम्ही घेत आहात तो खेळ नव्हे, वापरण्याचा परवाना. मार्च 2024 मध्ये युबिसॉफ्टने द क्रू या खेळाचे सर्व्हर बंद केले तेव्हा पेटीवाला आणि संगणकवाला दोघेही सारखेच रिकाम्या हातांनी बसले. पेटीला संगणक हरवण्याची गरजच काय, जर संगणकच आपण होऊन पेटी व्हावयास निघाला असेल? जीओजीसारखे दुकान 2008 पासून बिनकुलपाचे खेळ विकते आहे. पण तसली दुकाने थोडी, आणि ‘मला माझी प्रत द्या’ म्हणून अडून बसणारे गिऱ्हाईक त्याहून थोडे.

यंदा बोनसातून यंत्र घ्यावयाचे असेल तर किमतीची घासाघीस मागाहून करा. आधी दुकानदाराला एवढेच विचारा की, माझ्या मुलीने स्वतः लिहिलेला खेळ कोणाला न विचारता यावर चालेल काय? तो घुटमळला तर शेजारच्या दुकानात जा.