हिमशिखराचा पहिला धडा

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतील तरुण-तरुणींचे गट पाठीवर सॅक बांधून देहरादूनची वाट धरतात. त्यांतील अनेकांचे लक्ष्य एकच असते, उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकंठा. उंची सुमारे १२,५०० फूट. नवशिक्याच्या आवाक्यातले हिवाळी शिखर अशी त्याची ख्याती. तरुण पिढीने मोबाइलच्या पडद्यावरून मान वर करून हिमालयाकडे पाहावे, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट आहे. ज्याच्या वर्णनाने कालिदासाने ‘कुमारसंभवा’चा आरंभ केला, तो नगाधिराज आपल्या मुलांसाठी केवळ नकाशातील तपकिरी पट्टा उरू नये. प्रश्न आहे तो तेथे कोणत्या वृत्तीने जायचे याचा.

सह्याद्रीत घडलेल्या मराठी पायांना गडकोटांची सवय असते, आणि तेथेच पहिली गफलत होते. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच. केदारकंठ्याच्या पायथ्याचे सांकरी गाव त्याहूनही सुमारे हजार फूट वर वसलेले आहे! म्हणजे जेथे आपली उंचीची कल्पना संपते, त्याच्याही वर हिमालयाची पहिली पायरी आहे. शिखरावरील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. तेथे दंडातील बळापेक्षा शरीराला नव्या उंचीशी जुळवून घेण्यास दिलेला अवधी अधिक मोलाचा ठरतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे या शरीराने दिलेल्या सूचना होत. ‘मागे पडलो तर मित्र हसतील’ या भयाने त्या लपविणारा तरुण स्वतःबरोबर संपूर्ण गटाला संकटात लोटतो.

शिखराची चढाई मध्यरात्र उलटल्यावर का सुरू होते, याचेही नवख्यांना कुतूहल असते. रात्रीच्या गारठ्याने बर्फ कठीण होतो. बुटांना बांधलेल्या दातेरी साखळ्या त्यात घट्ट रुततात. ऊन चढले की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत खचतात. दुपारनंतर वारा व ढग यांचा भरवसा नसतो. म्हणून काळोखात निघायचे आणि माध्यान्हीपूर्वी उतरणीला लागायचे. घामाने भिजलेला सुती सदरा तेथे शत्रू ठरतो. असे बारीकसारीक नियम पाळणे हेच गिर्यारोहणाचे व्याकरण आहे. संघस्थानावर एका आज्ञेसरशी थांबण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्याला या नियमांचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

या व्याकरणातील सर्वांत अवघड नियम म्हणजे माघार. शिखर दोनशे फुटांवर दिसत असताना मार्गदर्शकाने ‘परत फिरा’ म्हटले, तर निमूटपणे फिरणारा तरुणच खरा गिर्यारोहक. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देणाऱ्या शिवछत्रपतींच्या महाराष्ट्राला हे सांगावे लागू नये. तो तह १६६५ सालचा आणि राज्याभिषेक १६७४चा! योग्य वेळी घेतलेली माघार ही पुढील विजयाची पूर्वतयारी असते. जून २०२४मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, याच उत्तरकाशी परिसरात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांच्या पथकाला खराब हवामानाने गाठले आणि ९ जण प्राणांस मुकले. उन्हाळ्यात जो हिमालय इतका कठोर होऊ शकतो, त्याच्या हिवाळ्याला ‘सोपा’ म्हणणे हे अज्ञानच होय.

दुर्दैवाने आज या वाटेचा बाजार झाला आहे. ‘शिखर हमखास’ अशी आश्वासने देणारे व्यावसायिक आणि शिखरावरील छायाचित्रासाठी अधीर झालेले ग्राहक, अशी ही जोडी जमली आहे. पालकांनी सहलीचे शुल्क विचारण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. मार्गदर्शक प्रशिक्षित आहे काय? एका मार्गदर्शकामागे माणसे किती? प्राणवायूची व प्रथमोपचाराची सोय आहे काय? परत फिरण्याचा अंतिम शब्द कोणाचा? उत्तरकाशीत १९६५पासून नेहरू गिर्यारोहण संस्था रीतसर प्रशिक्षण देत आहे. ज्यांना या छंदात पुढे जायचे आहे, त्यांनी ती वाट धरावी. आणि सांकरीचा जो गढवाली बांधव आपले ओझे वाहतो, तो नोकर नव्हे. त्या भूमीतील तो आपला यजमान आहे, याचे भान ठेवावे.

केदारकंठ्याच्या माथ्यावर शंकराचे छोटेसे स्थान आहे. महादेव येथेच वास्तव्य करणार होते, परंतु गुरांच्या घंटानादाने ध्यानभंग झाला आणि ते केदारनाथी निघून गेले, अशी आख्यायिका गावकरी सांगतात. घंटेच्या नादानेही जे स्थान देवाने सोडले, तेथे आज कर्कश गाणी वाजतात आणि बर्फात खाऊच्या वेष्टनांचा खच पडतो! उगवत्या सूर्याच्या प्रकाशात स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ उजळताना पाहणाऱ्याने क्षणभर मौन पाळावे, आपला कचरा आपल्याच पिशवीत घालून खाली आणावा. पहिल्या शिखरावरून तरुणाने विनम्रता घेऊन उतरावे. ती लाभली असेल, तर शिखर हुकले तरी यात्रा सफल झाली असेच समजावे.