पंगत आमची, घाम कोणाचा?

लग्नसराई आली कीं मांडवामागें एक मंडळी राबतांना दिसते. पहांटे कांद्याचीं पोतीं उतरावयाचीं, दिवसभर चिरावयाचें, उकळत्या आमटीचें पातेलें दोघांनीं धरून पंगतीपर्यंत न्यावयाचें, आणि शेवटची पंगत उठली म्हणजे मध्यरात्रीपर्यंत खरकटीं भांडीं घासावयाचीं. आचाऱ्यास लोक नांवानें ओळखतात. या हाताखालच्या गड्यास मात्र 'ए पोऱ्या' याखेरीज नांव नाहीं.

हा पोऱ्या परका नव्हे. पावसानें ज्याचें पीक बुडविलें त्या शेतकऱ्याचा तो मुलगा, ज्याचा भाता थंडावला त्या लोहाराचा तो भाऊ. भांडीं घासणारी बाई आपल्याच आळींतील कुणबीण किंवा कुंभारीण.

आतां मक्त्याची रीत पहा. यजमान ताटामागें दर ठरवितो आणि घासाघीस करून पांच-दहा रुपये खालीं आणतो. ते रुपये मक्तेदार आपल्या नफ्यांतून सोडील काय? तूप-साखरेंत हात आंखडला तर पाहुणे बोलतील. मग ते निघतात गड्याच्या रोजांतून. चौघांचें काम तिघांवर पडतें. हजेरी नाहीं, तासांचा हिशेब नाहीं. उकळतें तेल हातावर उडालें तर हळद लावून घरीं धाडतात, आणि त्या दिवसाचा रोजहि कापतात.

कायदा नाहीं असें नाहीं. १९४८ सालीं किमान वेतनाचा कायदा झाला. आतां त्याच्या जागीं २०१९ ची वेतन संहिता आहे. ठरल्या तासांहून अधिक कामास दुप्पट दर द्यावा, असें ती सांगते. १४ वर्षांखालील मुलांस ढाब्यांत व हॉटेलांत राबविण्यास २००६ पासून बंदी आहे. पण कायदा आपल्या पायांनीं मांडवामागें येत नाहीं.

१८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज काढिला आणि भटाच्या दक्षिणेवांचून लग्न लावावयास शिकविलें. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. आम्ही त्यांचें नांव घेतों. पण वांचलेली दक्षिणा कोठें गेली? फटाक्यांत आणि भिंतीएवढ्या कर्ण्यांत! भट पहिल्या पंगतीस बसे म्हणून आम्ही रागावलों. आज आमच्याच कार्यांत राबणारा सर्वांच्या शेवटीं, उरलेलें, उभ्यानें जेवतो. मग बदललें तें काय?

म्हणून बंधूंनो, दर ठरवितांना मक्तेदारास विचारा: माणसें किती आणणार, त्यांस रोज काय देणार, कोणी भाजल्यास औषधपाणी कोण करणार? उत्तरें कागदावर घ्या. त्या मंडळींचें अन्न आधीं बाजूस काढा आणि त्यांस पाट मांडून बसवा. खर्च वाढतो वाटल्यास एक पक्वान्न कमी करा. त्यानें कोणाचें लग्न मोडत नाहीं.