फुकटचं पॅकेज, पण सांभाळतंय कोण?

कामण रोड स्टेशनवर वसई-दिवा गाडीची वाट बघत बसलात, की वेळच वेळ असतो. गाड्याच मोजक्या! मग लॅपटॉप उघडून फायनल इयर प्रोजेक्टसाठी तुम्ही एक कमांड टाकता आणि मिनिटभरात डझनभर पॅकेजेस मशीनवर उतरतात. एक रुपयाही न देता. ती कोणी लिहिली आणि आज कोण सांभाळतंय, हे मात्र आपण विचारतच नाही.

मार्च २०२४मध्ये याच प्रश्नाने जगाला घाम फोडला. 'एक्सझेड' हे लिनक्सवर फाइल्स छोट्या करणारं साधन. क्लाउडमधल्या असंख्य सर्व्हरवर ते असतं. पण त्याची देखभाल मुख्यतः एकटा लासे कॉलिन करत होता, तीही फावल्या वेळात, बिनपगारी. 'जिया तान' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करत त्याचा विश्वास कमावला आणि नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने खोदून बघितलं, म्हणून आपण थोडक्यात वाचलो.

यावरून 'ओपन सोर्स धोकादायक' असा निष्कर्ष काढू नका. कोड सगळ्यांसाठी उघडा होता, म्हणूनच तर फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं. खरा धोका आहे तो सगळा भार एकाच थकलेल्या माणसावर टाकण्यात.

बरं, फुकट ते कायम तसंच राहील असंही नाही. क्लाउडवाल्यांचं लाडकं 'टेराफॉर्म' घ्या. ऑगस्ट २०२३मध्ये कंपनीने त्याचा परवाना बदलला. नाराज डेव्हलपर्सनी जुना कोड घेऊन 'ओपनटोफू' उभं केलं. रोबोटिक्समध्ये 'रॉस'च्या पहिल्या पिढीची शेवटची आवृत्ती 'नोएटिक'. तिचा सपोर्ट मे २०२५मध्ये संपला, तरी नेटवर जुनेच धडे ढिगाने सापडतात. त्यावर प्रोजेक्ट उभा केलात, तर पुढे अडचण आली की दुरुस्ती करणारं कुणी नाही. नवी सुरुवात 'रॉस २'वरच करा.

मग आपण करायचं काय? पॅकेज घेण्याआधी तीन गोष्टी बघा: शेवटचं अपडेट कधीचं, सांभाळणारे किती जण, परवाना कुठला. वापरलेल्या आवृत्तीचा नंबर प्रोजेक्टमध्ये लिहून ठेवा.

आणि नुसतं घेऊ नका, थोडं परतही द्या. त्यासाठी फार लांब बघायला नको. पवईत आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प आहे. सर्किट डिझाइनचं 'ईसिम' (मोबाइलमधलं नव्हे!) तिथेच तयार झालं. तिथल्याच 'ई-यंत्र' स्पर्धेत देशभरातले विद्यार्थी रोबोटिक्सची आव्हानं सोडवतात. 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे तर मराठीतूनही ऐकता येतात.

लगेच भारी कोड लिहायला हवा असं कुठे आहे? सापडलेला बग नीट कळवा, चुकलेली सूचना दुरुस्त करा, एखादं पान मराठीत आणा. एवढ्यानेही कुणाचा तरी रविवार वाचतो. प्लेसमेंटच्या मुलाखतीत दाखवायला खरं काम मिळतं, ते वेगळंच.

तेव्हा पुढच्या वेळी एंटर दाबण्याआधी त्या पॅकेजचं पान एकदा उघडाच. पलीकडे कुणीतरी आपल्यासाठी जागत असतं.