ताकद मागितल्याबरोबर मिळायला हवी

पोर्शने १९७५ साली ९११ टर्बो बाजारात आणली, तेव्हा तिच्या तीन लिटरच्या इंजिनातून २६० अश्वशक्ती निघत होती. त्या काळात रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा मोठाच होता. पण ही ताकद मागितल्याबरोबर मिळत नसे. वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर आधी काहीच घडत नसे, आणि मग सगळा जोर एकदम मागच्या चाकांवर येई. त्यात इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. घाबरून पाय काढला की गाडीचा मागचा भाग फिरलाच. या गाडीला ‘विडोमेकर’ हे नाव उगाच पडले नाही.

हा दोष टर्बोच्या मुळातच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते, म्हणजे जास्त ताकद. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. मात्र ते चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात जायला भरपूर वायू लागतो, आणि इंजिन संथ चालत असताना नेमका तोच कमी असतो. टर्बो लहान ठेवला तर तो लवकर वेग घेतो, पण वरच्या वेगात पुरा पडत नाही. मोठा बसवला तर वाट पाहावी लागते. या वाट पाहण्यालाच टर्बो लॅग म्हणतात.

एकाऐवजी दोन टर्बो लावणे हा त्यावरचा सरळ उपाय. फेरारी एफ४० आणि निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये तेच केले होते: अर्ध्या सिलिंडरांचा वायू एका टर्बोला, उरलेल्या अर्ध्यांचा दुसऱ्याला. पण कमी वेगात मुळातच थोडा असलेला वायू असा वाटून दिला तर दोघेही अर्धपोटी राहतात.

सिक्वेन्शियल रचनेने हे वाटपच बदलले. पाटाला पाणी कमी असले की दारे धरणारा शेतकरी सगळ्या वाफ्यांना एकदम पाणी सोडत नाही. एक वाफा भरतो, मग दुसऱ्याचे दार उघडतो. १९८६ साली उत्पादन सुरू झालेल्या पोर्श ९५९ ने रस्त्यावरच्या गाडीत हे तत्त्व आणले. तिच्या २.८५ लिटर इंजिनाचा सगळा वायू आधी एकाच टर्बोला मिळे आणि वेग वाढल्यावर दुसरा सोबतीला येई. अश्वशक्ती ४५०, म्हणजे १९७५ च्या गाडीच्या जवळजवळ पावणेदोन पट.

ही रचना सर्वांत नेटकी उतरली ती १९९३ च्या टोयोटा सुप्रामध्ये. सिक्वेन्शियल म्हटले की एक लहान आणि एक मोठा टर्बो असा अनेकांचा समज असतो. बीएमडब्ल्यूच्या ५३५डी या डिझेल गाडीत तसे होतेही. सुप्रात मात्र दोन्ही टर्बो एकाच मापाचे होते. इंजिनाच्या मिनिटाला साधारण १८०० फेऱ्या झाल्या की पहिला टर्बो काम करू लागे. ३५०० च्या आसपास एक छोटी झडप उघडून थोडा वायू दुसऱ्याकडे सोडला जाई, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागण्याआधीच तो फिरू लागे. चार हजारांवर मुख्य झडपा उघडत आणि दोघे मिळून हवा भरत. दुसऱ्याला आधी फिरवून ठेवण्याची ही छोटी पायरीच सगळ्या रचनेचा प्राण आहे. ती नीट जमली नाही तर काय होते, हे सुबारूच्या दोन टर्बोंच्या लेगसीने दाखवले: एका टर्बोकडून दोघांकडे जाताना मध्येच जोर ढासळायचा आणि चालकाला तो खड्डा स्पष्ट जाणवायचा.

माझदा आरएक्स-७ ची गोष्ट जिवाला लागणारी आहे. १९९१ च्या अखेरीस आलेल्या या गाडीत अवघ्या १.३ लिटरचे रोटरी इंजिन होते आणि त्यातून २५५ अश्वशक्ती मिळत होती. दुसरा टर्बो सुमारे ४५०० फेऱ्यांवर सामील होई. हा सगळा कारभार व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या आणि सोलेनॉइड झडपांच्या जंजाळावर चाले. रोटरी इंजिनाचा एक्झॉस्ट विलक्षण तापतो. त्या उष्णतेने नळ्या कडक होत, तडकत, आणि एक नळी सुटली तरी दुसरा टर्बो हजर होत नसे. दोष शोधताना मेकॅनिकची दमछाक होई. म्हणून असंख्य मालकांनी दोन्ही टर्बो काढून एक मोठा टर्बो बसवला. सुप्राच्या मालकांनीही तेच केले, पण वेगळ्या कारणाने. त्यांना हजार अश्वशक्तीचा आकडा हवा होता, आणि ते दणकट इंजिन तो पेलतही होते.

नळ्यांना कंटाळलेल्या मालकाची अडचण खरी आहे. त्याला दोष देता येत नाही. पण निव्वळ आकड्यासाठी ही रचना उपटून फेकणे चूकच. मोठा एकटा टर्बो बसवला की गाडी १९७५ च्या जागी परत जाते: खाली काही नाही, वर सगळे एकदम. हजार अश्वशक्तीची गाडी घाटातल्या वळणातून बाहेर पडताना ताटकळत असेल, तर तो आकडा कागदावरच राहतो. मूळ रचना शाबूत असलेल्या सुप्रा आणि आरएक्स-७ आता थोड्याच उरल्या आहेत. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी जुन्या नळ्यांच्या जागी उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या नळ्या घालाव्यात, पण ती रचना जपावी.

नव्या गाड्यांत हे काम इतर मार्गांनी होते. २०२४ च्या पोर्श ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये दोनाऐवजी एकच टर्बो आहे, आणि वायू पुरेसा होईपर्यंत त्याच्या दांड्यावरची विजेची मोटर त्याला फिरवते. साधने बदलली, पण प्रश्न १९७५ चाच आहे.

तो फक्त स्पोर्ट्स कारपुरता नाही. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसमध्ये एक लिटरचे टर्बो इंजिन मिळते. त्याची ताकद ११५ अश्वशक्ती. पण रोजच्या रहदारीत कामाचा आकडा वेगळाच: १७८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, तोही १७५० फेऱ्यांपासून. टर्बोची गाडी घ्यायला शोरूममध्ये जाल, तेव्हा अश्वशक्तीच्या आकड्यावर थांबू नका. पूर्ण टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो, हे विक्रेत्याला विचारा आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये कमी वेगातून गाडी उचलून पाहा.