रमजानचे वेळापत्रक आणि खाणीची पाळी

माजरी (जि. चंद्रपूर) : नागपूर–बल्लारशा लोहमार्गावरील माजरी जंक्शन आणि त्याभोवतीचा परिसर यांची ओळख कोळशाशी जोडलेली आहे. भद्रावती तालुक्यातील या गावाच्या नावानेच वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचे, म्हणजे येथील बोलीतल्या ‘वेकोलि’चे, माजरी क्षेत्र ओळखले जाते. न्यू माजरी, जुना कुनाडा, तेलवासा, ढोरवासा ही नावे या पट्ट्यात गावांइतकीच खाणींचीही आहेत. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये वेकोलि स्थापन झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे येथील वसाहतींत स्थिरावली. त्यांत मुस्लीम कुटुंबेही आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याच्या 22 लाख लोकसंख्येत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे चार टक्के होते. संख्या लहान असली, तरी रमजानच्या महिन्यात या पट्ट्यात जो प्रश्न उभा राहतो तो लहान नाही. चोवीस तास चालणाऱ्या खाणीत पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेता काम कसे करायचे, आणि त्याची जबाबदारी कोणाची?

रोजा म्हणजे केवळ अन्नत्याग नव्हे. फज्रच्या वेळेपासून मगरिबच्या अजानपर्यंत पाणीही वर्ज्य असते. एकादशीला फराळ आणि पाणी चालते. रोजात ती सवड नाही. चंद्रपूर जिल्हा विषुववृत्तापासून जेमतेम वीस अंश उत्तरेला असल्याने येथे दिवस युरोपातल्यासारखा अठरा-वीस तासांचा होत नाही. मेच्या अखेरीस रोजा साडेचौदा तासांच्या आसपास भरतो, फेब्रुवारीअखेरीस तेरा तासांच्या आसपास. फरक दीड तासाचाच. मात्र खाणीतल्या कामगाराचा कस तासांपेक्षा उन्हात लागतो.

तीन उन्हाळे

इस्लामी वर्ष चांद्र असल्याने आणि त्यात अधिक मासाची तरतूद नसल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सुमारे 33 वर्षांत तो सर्व ऋतूंतून फिरून येतो. 2017 मध्ये तो मेच्या अखेरीस, 2018 मध्ये 17 मे रोजी, तर 2019 मध्ये 7 मे रोजी सुरू झाला. चंद्रपूरकरांना या तारखांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 2019 च्या मेअखेरीस चंद्रपूरचा पारा 48 अंशांच्या घरात गेला होता आणि तो रमजानचा शेवटचा आठवडा होता.

खुल्या खाणीत हा आकडा आणखी कठोर होतो. काळा कोळसा ऊन शोषतो, खोल खड्ड्याच्या तळाशी वारा पोहोचत नाही, यंत्रांची धग वेगळीच. उष्ण वातावरणात काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे, अशी शिफारस अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने केली आहे. तासाला हा हिशेब पाऊण ते एक लिटरचा होतो. आठ तासांच्या पाळीत रोजेदाराच्या शरीरात यातले काहीच जात नाही. सहेरीला पोटभर पाणी पिऊन ही उणीव भरत नाही, कारण शरीर पाणी साठवून ठेवत नाही.

तहानेइतकाच दुसरा शत्रू झोपेचा तुटवडा. उन्हाळ्यात तरावीहची नमाज संपेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात आणि सहेरी पहाटे चारच्या सुमारास आटोपावी लागते. मधली झोप फार तर पाच तासांची. देशातील खुल्या खाणींमधील जीवघेण्या अपघातांत डंपर आणि मालमोटारींचा वाटा मोठा असतो. डंपर चालवणाऱ्याची डुलकी ही त्यामुळे केवळ त्याची खासगी बाब राहत नाही. घरात तर स्त्रियांचा दिवस याहूनही आधी सुरू होतो. सहेरी रांधणारी बाई अडीच-तीनला उठते, स्वतः रोजा ठेवते आणि संध्याकाळी इफ्तारच्या तयारीलाही तीच असते. चर्चेत ती क्वचितच येते.

पाळीनुसार अडचणीचे रूप बदलते. पहिल्या पाळीच्या कामगाराला भर दुपारचे ऊन सोसावे लागते, पण इफ्तार घरी मिळते. दुसऱ्या पाळीच्या कामगाराला खाणीतच खजूर आणि पाण्यावर रोजा सोडावा लागतो; तरावीह तर बुडतेच. रात्रपाळीचा कामगार सहेरी डब्यातून करतो आणि दिवसा झोपून भूक-तहानेचे तास काढतो. शरीराच्या दृष्टीने तिन्हींत हीच पाळी सर्वांत सोयीची. म्हणूनच रमजानपूर्वी पाळी बदलून घेण्याची धडपड सुरू होते. ती साधते की नाही, हे बहुतेक वेळा सहकाऱ्यांच्या समजुतीवर अवलंबून असते. हिंदू सहकाऱ्याने रमजानमध्ये पाळी बदलून द्यायची आणि दिवाळीला त्याची परतफेड करून घ्यायची, हा व्यवहार औद्योगिक वसाहतींना नवा नाही. तो कोणत्याही परिपत्रकात नाही आणि बहुधा म्हणूनच टिकून आहे.

धर्माची सवलत, मजुराची अडचण

या विषयावर बोलताना रोजा ही जणू शिथिल न होणारी सक्ती आहे, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतच आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलून इतर दिवशी भरून काढण्याची मुभा आहे. ज्यांना तो कायमचाच अशक्य आहे, त्यांच्यासाठी गरिबाला जेवण देण्याचा, म्हणजे फिदियाचा, पर्याय आहे. गर्भवती आणि स्तनदा मातांना सवलत आहे. मधुमेहासारख्या विकारात डॉक्टरांचा सल्ला निर्णायक मानला जातो.

प्रश्न येतो तो धडधाकट मजुराचा. तो आजारी नाही आणि प्रवासीही नाही. कोळसा घेऊन दूर जाणारा ट्रकचालक सुमारे 78 किलोमीटरच्या शास्त्रोक्त मर्यादेपलीकडे निघाला तर प्रवासी ठरतो; खाणीच्या खड्ड्यातच फेऱ्या मारणारा डंपरचालक दिवसभरात कितीही किलोमीटर धावला तरी ठरत नाही. भारतात बहुसंख्य मुस्लीम ज्या हनफी परंपरेचे आहेत, त्या परंपरेच्या धर्मशास्त्रज्ञांनी या मजुराचा विचार शतकांपूर्वीच केला आहे. सतराव्या शतकातील दमास्कसच्या हसकफींनी ‘दुर्र-ए-मुख्तार’ या ग्रंथात भट्टीवर काम करणाऱ्या रोटीवाल्याचे उदाहरण घेतले. रोजा तुटेल इतका थकवा आणणारे काम त्याने करू नये, अर्धा दिवस काम करून उरलेला वेळ विश्रांती घ्यावी, असा त्याचा आशय आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच शहरातील इब्न आबिदीन यांनी त्यावर भाष्य करताना वास्तवाची दखल घेतली. कुटुंबाच्या निर्वाहासाठी काम अटळच असेल आणि त्यात रोजा झेपेनासा झाला, तर तो सोडून नंतर भरून काढता येतो, अशी वाट त्यांनी मोकळी ठेवली.

दमास्कसचा रोटीवाला आणि माजरीचा खाण कामगार यांच्यातला फरक मात्र येथेच उघड होतो. अर्धा दिवस काम करण्याचा सल्ला ज्याची भट्टी स्वतःची आहे त्याला. हाजिरीवर मजुरी मिळणाऱ्याला अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी, आणि अनेकदा तीही नाही. पुढे रोजा भरून काढणे, म्हणजे कजा, हीसुद्धा सुट्टीच्या दिवसांवर अवलंबून असलेली गोष्ट. सवलत धर्माने दिली, पण ती वापरायला लागणारा मोकळा दिवस मालकाच्या हाती राहिला.

कायम आणि कंत्राटी

कोळसा पट्ट्यात एकाच खड्ड्यात दोन प्रकारचे कामगार असतात. कंपनीच्या पटावरील कायम कामगाराला पगारी रजा आहे, संघटना आहे, वसाहतीतले घर आहे. रमजानात चार-पाच दिवस रजा टाकणे किंवा पाळी बदलून मागणे त्याला जमते. कोळशावरची माती आणि खडक हटवण्याचे, ज्याला येथे ‘ओबी’ म्हणतात ते काम मात्र मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांकडून होते. ठेकेदाराचा हिशेब काढलेल्या मातीच्या घनमीटरवर असतो आणि चालकाचा हाजिरीवर.

कागदावर कंत्राटी कामगार उघडा पडलेला नाही. प्रत्येक खाणीत थंड आणि शुद्ध पिण्याच्या पाण्याची सोय हवी, असे 1952 च्या खाण कायद्यातच बजावले होते. त्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. वर्षात 180 दिवस काम केलेल्या कामगाराला 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा, भूमिगत खाणीत 15 दिवसांमागे एक, अशी तरतूद तीत आहे. खुल्या खाणीत 240 दिवस भरलेल्याचा हिशेब 12 दिवसांचा होतो. रमजान 29 किंवा 30 दिवसांचा असतो. शिवाय ही बारा दिवसांची रजा आजारपण, लग्नकार्य आणि गावी जाण्यासाठीही तीच असते.

उष्णतेबाबतचा नियमही पाहण्यासारखा आहे. कोळसा खाण विनियमांनुसार कामाच्या ठिकाणी ओल्या फुग्याच्या तापमापकाचे तापमान 33.5 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. पण हा नियम वायुवीजनाच्या प्रकरणातला आहे आणि त्याचा रोख भूमिगत कामावर आहे. माजरीसारख्या पट्ट्यात भर उन्हात खुल्या खड्ड्यात उतरणाऱ्याला त्याचा फारसा आधार नाही. ही उणीव रोजेदारापुरती नाही; ऊन कोणाचा धर्म पाहत नाही. रोजा ती फक्त ठळक करतो.

सीमेपलीकडे

माजरीहून वणीमार्गे निघणारा लोहमार्ग आदिलाबादला, म्हणजे तेलंगणात जातो. तेथे 2025 च्या रमजानसाठी राज्य सरकारने मुस्लीम कर्मचाऱ्यांना दुपारी चार वाजता कार्यालय सोडण्याची मुभा दिली आणि त्यात कंत्राटी कर्मचारी व सार्वजनिक महामंडळांचाही समावेश केला. भाजपने त्यावर तुष्टीकरणाची टीका केली. वाद रंगला तो मताधाराच्या अंगाने; एक तास आधी सुटणे टेबलावरच्या कारकुनाला उपयोगी, डंपरवरच्या चालकाला कितपत, हा मुद्दा दोन्ही बाजूंनी बाजूलाच राहिला. संयुक्त अरब अमिरातीत रमजानात कामाचे तास दिवसाला दोनने कमी करण्याचा कायदा आहे आणि उन्हाळ्यात दुपारच्या उघड्यावरील कामावर बंदीही आहे. दुसरा नियम धर्माशी संबंधित नाही, आणि मजुराचा जीव वाचवण्यात त्याचा वाटा अधिक असावा.

उलट टोकाचे उदाहरण ट्युनिशियाचे. राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी 1960 मध्ये, देश गरिबीशी युद्ध लढत असल्याचा दाखला देत कामगारांना रोजा न ठेवण्याचे आवाहन केले. धर्मगुरूंनी ते मानले नाही आणि लोकांनीही फारसे नाही. श्रद्धेच्या बाबतीत आदेशाने काम होत नाही, हे त्यातून दिसले. 2015 च्या जूनमध्ये कराचीत रमजानच्या पहिल्याच आठवड्यात उष्णतेच्या लाटेने हजाराहून अधिक बळी घेतले, तेव्हा जिवाला धोका असल्यास रोजा सोडावा, असे काही उलेमांनीच सांगितले. ते ऐकले गेले, पण तोवर रुग्णालये भरली होती.

सध्या रमजान थंडीकडे सरकत आहे. 2025 मध्ये तो 2 मार्चला सुरू झाला. 2030 मध्ये तर एकाच वर्षात, जानेवारीत आणि डिसेंबरअखेरीस, दोनदा सुरू होईल. पूर्ण मे-जूनमधला रमजान माजरीला 2050 च्या सुमारास पुन्हा भेटेल. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ हा प्रश्न वर्तमानपत्रांतून मागे पडणार आणि इफ्तार पार्ट्यांची छायाचित्रे पुढे येणार. पण हवामान थांबलेले नाही. 2025 चा फेब्रुवारी हा देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरल्याचे हवामान खात्याने नोंदवले. दुपारचे जड काम पहाटे किंवा रात्री वळवणे, कंत्राटाच्या अटींतच उष्ण दिवसांची भरपाई बसवणे, रमजान लागण्यापूर्वी पाळ्यांची अदलाबदल लेखी मंजूर करणे, ही कामे खाण व्यवस्थापनाच्या अखत्यारीत आहेत आणि त्यांसाठी कोणत्याही फतव्याची गरज नाही. ओबीच्या पुढच्या निविदेत यातले काय उतरते, एवढेच पाहायचे.